जाईच्या झोपेचा आवाज

घरात मूल झोपत नसलं की सल्ले द्यायला अख्खी रत्नागिरी दारात उभी राहते. जायफळ उगाळून द्या. तळपायाला तेल चोळा. दृष्ट काढा. गाडीतून फिरवून आणा. हा शेवटचा सल्ला मला देणाऱ्याला मी खरोखर गाडीतून खाली उतरवलं होतं, कारण तो माझ्याच गाडीत बसून, माझ्याकडेच गाडी शिकत होता!

मी ऋजुता मयेकर. मारुती मंदिराजवळ माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. गाड्या हल्ली आपल्या आपण चालतात, मग तुमच्याकडे येतं कोण, असं लोक खवचटपणे विचारतात. अहो, हायवेवर चालतात. आंबा घाटात धुकं उतरलं की त्याच शहाण्या गाड्यांना कापरं भरतं आणि ‘चालकाने ताबा घ्यावा’ म्हणून त्या मोकळ्या होतात. ताबा घेणारा माणूस गाडीत हवाच, असा सरकारचा नियम आहे. नियमांवर माझा भारी जीव. सिग्नल, लेन, सीटबेल्ट, सगळ्यावर.

जाईला आम्ही नियमाप्रमाणेच दत्तक घेतलं. सोलापूरच्या संस्थेतून. घरी आली तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची होती, काळीसावळी, दणदणीत आणि अतिशय चिडकी. पहिल्या दिवशीच तिने माझ्या सासूबाईंचा चष्मा ओढून खाली पाडला, तेव्हा मला वाटलं, चला, आपलंच माणूस आहे. पण झोप? नाव नको. डुलकी लागायची आणि कुकरची शिट्टी झाली की टुणकन उठून बसायची. गाडीत घेतलं तर डोळे टक्क उघडे ठेवून माझे गिअर मोजायची.

शेवटी डॉक्टर केतकी भिडेंनी निद्रासखी आणायला सांगितलं. तेव्हा ते यंत्र नुकतंच आलेलं होतं. डॉक्टरांनी मला समोर बसवून नीट समजावलं, कारण न समजलेली वस्तू मी घरात घेत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

“पोटातलं मूल साधारण सहाव्या महिन्यापासून ऐकतं,” त्या म्हणाल्या. “आणि तिथे शांतता बिलकूल नसते हं. आईचं रक्त धावतं, आतडी गुरगुरतात, हृदय ठोकतं. व्हॅक्यूम क्लीनर चालू असावा एवढा गोंगाट असतो. जन्मल्यावर आपण त्याला शांत खोलीत ठेवतो आणि वर विचारतो, का रडतंय!”

“म्हणून पंख्याच्या घरघरीत पोरं झोपतात?”

“म्हणूनच. शिवाय पाठीमागे एकसारखा आवाज असला की भांडं पडलं, दार आपटलं, ते सगळं त्यात बुडून जातं. पण पंख्याची घरघर सगळ्या मुलांना सारखीच. रेडिमेड झबल्यासारखी. कुणाला होते, कुणाला होत नाही. निद्रासखी त्या मुलाच्या मापाचा आवाज शिवते.”

कपाळाला एक मऊ पट्टी. ती मेंदूतल्या झोपेच्या लहरी वाचते. पाळण्यापासून लांब ठेवलेली एक डबी आधी साधी घरघर लावते, अगदी हळू. मग त्यात किंचित फरक करून बघते. लहरी संथ झाल्या तर तो फरक ठेवते, नाही झाल्या तर टाकून देते. जुन्या रेडिओची सुई इकडे तिकडे फिरवत स्टेशन लावायचे ना, तसंच. फक्त इथे स्टेशन मुलाच्या डोक्यात असतं. मूल गाढ झोपलं की डबी आपोआप गप्प होते.

जाई दुपारची माझ्या ऑफिसात झोपायची, म्हणजे झोपायचं नाटक करायची. डबी दुपारी तिथे लावायची, रात्री घरी. पहिले काही दिवस नुसती घरघर. हळूहळू त्या घरघरीतून काहीतरी वर यायला लागलं. थप थप थप थप. जरा विसावा. पुन्हा थप थप थप थप. एक नाही, अनेक थापा, एकमेकींत मिसळलेल्या. त्यांच्याखाली सतत एक हूं असा सूर. अधूनमधून लांबून काहीतरी अजस्र धडधडत जायचं. आणि जाई? तोंड उघडं टाकून, हात पसरून, घोरत झोपलेली!

घरात आनंदीआनंद. आवाज कशाचा, यावर मात्र भांडणं. माझा नवरा तन्मय जेट्टीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. तो म्हणाला, “होडीचं जुनं डिझेल इंजिन. डोळे मिटून सांगतो.” मी म्हटलं, ट्रॅक्टर आहे, टॅपेट वाजतायत. सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही दोघं शिकलेली, म्हणून कान गेले तुमचे. नदीवर धुणी धुतायत गो बायका!” ज्याला जे ठाऊक, तेच त्याला ऐकू येत होतं.

मी हौसेने डॉक्टर भिडेंना तो आवाज ऐकवला. त्या ऐकत राहिल्या आणि त्यांचा चेहरा बदलला.

“ऋजुता, हे यंत्राने बनवलेलं नाही. हे तिच्यापाशी होतं, यंत्राने शोधून काढलं. शेवटच्या महिन्यांत हिच्या आईच्या भोवती रोज, तासन्‌तास हा आवाज असणार. बारीक, टोकदार आवाज पोटाच्या भिंतीत अडतात. असे जड आवाज आणि त्यांची लय आत पोचते.”

‘हिच्या आईच्या’ म्हणाल्या त्या. मी समोर बसलेली होते. सगळ्या रत्नागिरीत हिला भरवणारी, पुसणारी, हिची लाथ पोटात खाणारी मी, आणि झोप येते कुणाच्या आवाजाने, तर तिच्या!

आतून जळून गेले मी. घरी येऊन डबी बंद केली, कपाटात टाकली आणि माझे आवाज लावले. माझ्या जुन्या मारुतीचं इंजिन, आमचा मिक्सर, आमचा समुद्र. पोरगी आठवडाभर रडून रडून लालबुंद. शेवटी सासूबाईंनी कपाटातून डबी काढली आणि लावली. मी ती पुन्हा बंद केली नाही.

पण आता मी तो आवाज लक्ष देऊन ऐकायला लागले होते आणि त्यात मला आणखी एक गोष्ट सापडली. थापा चालू असताना मध्येच काहीतरी फुटायचं. दबलेलं, हुंकारासारखं, वर चढून तुटत तुटत खाली येणारं. मग थापा जरा अडखळायच्या आणि पुन्हा सुरू. दिवसातून कितीदा तरी.

हुंदके! दुसरं काय असणार? जिला लेकरू देऊन टाकावं लागणार होतं, ती बाई काम करता करता रडत होती आणि माझी जाई ते आत बसून ऐकत होती. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली. एवढी रडलेली बाई लेकराला विसरेल का? उद्या दारात उभी राहिली तर? कायद्याने जाई माझी आहे, मला तोंडपाठ आहे सगळं. पण भीतीला कायदा कळत नाही हो.

मग बिराजदार मॅडम आल्या. मंजुषा बिराजदार, सोलापूरहून बदली होऊन आलेल्या बँकेच्या अधिकारी, घाटाचं लायसन्स काढायला माझ्याकडे शिकत होत्या. एका दुपारी ऑफिसात पाय ठेवला आणि तिथेच थबकल्या.

“भाकऱ्या थापतंय का कोण आत?”

“कसल्या भाकऱ्या?” मी विचारलं.

“अहो, भाकऱ्याच ह्या. काटवटीत, म्हणजे लाकडाच्या परातीत. आमच्याकडं बायकांचे गट असतात, दिवसभर भाकऱ्या थापतात, कडक करून सगळ्या देशभर पाठवतात. आणि ही खाली गिरणी चालू आहे, पिठाची. आणि ही मालगाडी.” त्यांनी डोळे बारीक केले. “गिरणी आणि रेल्वे, दोन्ही चिकटून? आमच्या बँकेचा एक गट आहे तसा.”

गावाचं नाव त्यांनी सांगितलं. मी ते तुम्हाला सांगणार नाही. का ते पुढे कळेल.

तन्मयला तेवढं सांगून झाल्यावर घरात तो विषयच नको असं मी ठरवलं होतं, पण जाई दोन वर्षांची व्हायला आली तसं डॉक्टर भिडेंनी सांगितलं, “आता हा ठसा पुसट होत जाईल. मेंदूत नवे आवाज बसले की जुना खाली जातो. काही महिन्यांत तिला डबी लागणारही नाही आणि हा आवाज परत कधी सापडणारही नाही.”

मी मनात म्हटलं, सुटले!

तन्मय मात्र बाहेर आल्यावर गाडीशीच उभा राहिला. “ऋजू, पुसायच्या आधी एकदा खरा आवाज ऐकवू या तिला. तिथे जाऊन.”

“वेडा आहेस का? नियम आहे, नियम! आपण शोधायचं नाही. मूल मोठं झालं, त्याला वाटलं, तर ते विचारेल.”

“शोधायचं नाहीच. कोणाला काही विचारायचं नाही. भाकऱ्या विकत घ्यायच्या आणि यायचं. भाकऱ्या घ्यायला कुठला नियम आडवा येतो?”

“आणि ती तिथे असली तर?”

“असू दे की.”

“आणि तिने मागितली तर?”

तन्मय शांत माणूस आहे. बोटीचं इंजिन खोलून बसल्यासारखा विचार करतो. “तुला भीती वाटते ती जाईला तिकडे ओढ लागेल म्हणून, की आपण तिच्यापासून काहीतरी लपवलं हे तिला कळेल म्हणून?”

“तोंड सांभाळून बोल,” म्हणून मी गाडीत बसले आणि दार आपटून लावलं. पण त्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. जाई मोठी होऊन विचारेल, आई, तुला माहीत होतं, मग नेलं का नाहीस? आणि मी तिला नियम क्रमांक सांगेन? माझी पोरगी आहे ती, चष्मा ओढेल माझा!

गेलो. आंबा घाट मी स्वतः चालवला, गाडीच्या हातात दिला नाही. सांगोल्याला तन्मयच्या मित्राकडे मुक्काम केला आणि सकाळी उन्हं वर यायच्या आत त्या गावात पोचलो. रेल्वेचं फाटक, शेजारी पिठाची गिरणी आणि गिरणीला लागून पत्र्याची लांबलचक शेड. आवाज रस्त्यावरच ऐकू आला. डबीतून यायचा तो गोधडीखालून आल्यासारखा, हा उघडा, खणखणीत. जाई तन्मयच्या खांद्यावर किरकिर करत होती. ती एकदम गप्प झाली आणि तिने मान उचलली.

“तू थांब गाडीपाशी,” मी तन्मयला म्हटलं आणि जाईला घेतलं.

शेडमध्ये दोन्ही बाजूंना चुली, चुलीपाशी बायका, प्रत्येकीपुढे काटवट. पदर डोक्यावर, हात पिठात. माझ्याएवढ्या, माझ्याहून लहान, म्हाताऱ्या, सगळ्या वयाच्या. दारात मी उभी राहिले तशा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मग माझ्या कडेवर बघितलं. थापा क्षणभर थांबल्या.

“या की, बसा,” सगळ्यांत थोरली होती ती म्हणाली. महानंदाअक्का म्हणतात तिला. “कुठनं आलाव?”

“रत्नागिरीहून. भाकऱ्या न्यायच्यात. ताज्या.”

“अगं बया! समुद्राकडनं भाकरीला आल्या!” कोणीतरी म्हणालं, आणि थापा पुन्हा सुरू झाल्या.

मला पाट दिला, पाणी दिलं. जाई मांडीवर. तिने एकदा सगळ्या शेडवरून नजर फिरवली, ठाणेदारासारखी, आणि डोळे जड करून माझ्या पोटावर डोकं टेकलं. पट्टी नाही, डबी नाही. झोपली.

आणि चौकशी सुरू झाली. मालक काय करत्यात? होड्या दुरुस्त करून किती मिळत्यात? घर स्वतःचं का भाड्याचं? तुमी गाड्या शिकवताव, मंजी बाप्प्यांना बी शिकवताव? मी म्हटलं, हो, पुरुषांनाही, आणि चुकले की ओरडतेसुद्धा.

“सासू बरी हाय का?” कोपऱ्यातून एकीने विचारलं.

“माझ्याहून बरी आहे,” मी म्हटलं.

आणि सगळी शेड हसली. पदर तोंडावर, हात काटवटीवर, आवाज दाबून, पण पोटापासून. वर चढून, तुटत तुटत, खाली येणारं हसू. थापा अडखळल्या आणि पुन्हा सुरू झाल्या.

ते हेच होतं! दिवसातून कितीदा तरी मी ऐकलेलं, रडणं म्हणून उरात साठवलेलं. टोक गाळलं की हसू आणि हुंदका सारखेच वाजतात, हे मला कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. ती रडत नव्हती हो. तिचं काय दुःख होतं ते तिचं तिला माहीत, पण इथे, या बायकांमध्ये बसून ती हसत होती. माझ्या जाईने पोटात असताना हसणं ऐकलं होतं. मला तिथल्या तिथे रडू फुटलं. पत्र्याच्या शेडमध्ये धूर असतोच, त्यामुळे कोणी विचारलं नाही.

डोळे पुसताना मला दुसरी गोष्ट जाणवली. या बायकांनी माझ्या घराचं भाडं विचारलं होतं, सासूचा स्वभाव विचारला होता, पण लेकराबद्दल एक अक्षर नाही. नाव काय, विचारलं नाही. कितवं वर्ष लागलंय, विचारलं नाही. गोरीपान मी आणि मांडीवर काळीसावळी पोर. आईवर गेली नाही, बापावर गेली वाटतं, असं म्हणायला कुठल्याही गावात अर्धं मिनिट लागत नाही. इथे कोणीच म्हटलं नाही. आणि बघत तर सगळ्याच होत्या.

त्यांना माहीत होतं. मला विचारायचं नव्हतं आणि त्यांना सांगायचं नव्हतं. जाई त्या बाईच्या पोटात वाढत होती तेव्हा यांनी तिला मध्ये घेऊन बसवलं होतं आणि गावाला पत्ता लागू दिला नव्हता. आताही ती त्यांच्यात बसली होती की कधीच निघून गेली होती, ते त्या मला मरेपर्यंत कळू देणार नव्हत्या.

माझ्या भाकऱ्यांची थप्पी कागदात बांधून झाली. शेवटच्या उरलेल्या पिठाची इवलीशी भाकरी करतात, लहान पोरांसाठी. चानकी म्हणतात तिला. महानंदाअक्काने ती माझ्या हातात ठेवली, अजून गरम होती.

“पोरीला द्या. उठली की.”

“कोणी केली?”

“आमीच की. सगळ्यांनी.”

एवढीशी भाकरी सगळ्यांनी! मी ती रुमालात गुंडाळली.

पीठ संपलं होतं. एकेक हात थांबत गेला आणि शेड शांत झाली. त्याबरोबर जाईच्या कपाळावर आठी आली. ओठ थरथरले, मूठ वळली. आता ही उठणार आणि शेड डोक्यावर घेणार, म्हणून मी तिला थोपटायला हात उचलला.

तेवढ्यात थाप ऐकू आली. एकच काटवट. रिकामी.

कुठून आली ते मला कळलं नाही, मी जाईकडे बघत होते. मान वर करेपर्यंत दुसरी वाजली, मग तिसरी, आणि बघता बघता दोन्ही बाजूंच्या सगळ्या बायका रिकाम्या काटवटींत थापायला लागल्या होत्या. पीठ नाही, पाणी नाही, भाकरी नाही. सगळ्यांच्या माना खाली. पहिली थाप कोणाची होती ते आता देवालाही ओळखता आलं नसतं, आणि त्यासाठीच तर त्या सगळ्या थापत होत्या.

जाईची मूठ सुटली. मीही मान खाली घातली. माझी भीती मी कितीतरी दिवस पोटाशी धरून होते आणि मला आत्ता पहिल्यांदा वाटलं की इथे माझ्याकडून कोणालाच काही हिसकावून घ्यायचं नाही. उलट माझ्याकडे काहीतरी होतं, जे इथे कोणाला तरी हवं होतं आणि मागता येत नव्हतं.

“हिचं नाव जाई,” मी म्हणाले. शिकवताना वापरते त्याच आवाजात, शेडच्या त्या टोकापर्यंत जाईल असं. कोणाकडे बघून नाही. “चिडकी आहे. भात आवडतो, मासे त्याहून आवडतात. लाटेला घाबरत नाही, कुत्र्याला घाबरते. मी तिच्यावर ओरडते, पण तिला टाकून कुठे जात नाही. मोठी झाली की सगळं सांगणार आहे तिला. इकडे यावंसं वाटलं तिला, तर गाडी मी चालवीन.”

हात चालूच होते. त्या सगळ्या थापांमध्ये, माझ्या उजव्या हाताला कुठेतरी, एक थाप चुकली. जरा थांबली. मग पुन्हा लयीत आली.

मान वर करून बघावं असं फार वाटलं मला. बघितलं नाही. जाई झोपली होती, मी तिच्याकडेच बघत बसले.